भोरच्या इंजिनेरबाई

टेरिकॉटचा शर्ट घालून बाईंच्या वर्कशॉपमध्ये शिरायला बंदी होती. नायलॉनची साडी, लोकरीचा स्वेटर, प्लास्टिकच्या चपला, सगळ्यांना जिन्यातच अडवलं जाई. मला हे ठाऊक नव्हतं. मुलाखतीसाठी अम्मीनं मुद्दाम नवा शर्ट घ्यायला लावला होता, निळसर, चकचकीत. तो घालून मी शिवऱ्याहून एसटीनं भोरला आलो. बाईंनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहायच्या आधी शर्टाकडे पाहिलं, आत गेल्या आणि एक धुवट सुती सदरा आणून माझ्या हातात ठेवला. जिन्यात बदल आणि वर ये, म्हणाल्या. सदरा त्यांच्या वारलेल्या वडिलांचा होता आणि माझ्या गुडघ्यापर्यंत येत होता. आयुष्यातली पहिली मुलाखत मी त्या सदऱ्यात दिली.

कारण पुढे कळलं. कृत्रिम धाग्याच्या आणि लोकरीच्या कपड्यावर वीज साठते. थंडीत स्वेटर काढताना चटचट वाजते, तीच. आपल्या खिजगणतीतही नसते ती, पण बाईंच्या टेबलावरच्या चिपांचा जीव घ्यायला तेवढी पुरे. बरं, चिप लगेच मरतेच असं नाही. इथे नीट चालते आणि महिन्याभरानं कुठल्या तरी स्टुडिओत मान टाकते.

मुलाखतीत बाईंनी माझी गुणपत्रिका पाहिलीसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, शिवऱ्याहून इथवर गाडी कुठं कुठं हळू झाली? मी आठवून आठवून सांगत गेलो. कापूरहोळच्या फाट्यावर वळताना झाली, पुढं एका गावात रस्त्यातच बैलगाडी उभी होती तिथं झाली, मग पुलावर झाली. पुलावर का, असं त्यांनी विचारलं. रस्ता तिथं एकदम अरुंद होतो म्हणून, असं मी म्हणालो. त्या जराशा हसल्या. उद्यापासून ये म्हणाल्या. आमचं काम म्हणजे रस्ते आखण्याचंच काम होतं, हे मला तेव्हा कुठं माहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. टीव्हीच्या स्टुडिओंमध्ये चित्र हळूहळू डिजिटल होत होतं. म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेलं चित्र शून्य आणि एक अशा आकड्यांच्या धारेत बदलायचं आणि एकाच केबलमधून पुढे जायचं. धार केवढी, तर सेकंदाला सत्तावीस कोटी आकडे. ती धार सोडणाऱ्या आणि झेलणाऱ्या चिपा परदेशातून यायच्या. त्या ज्या पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, बसवायच्या, ती पाटी बाई आखायच्या. आमच्या पाटीचं काम साधं होतं. केबलमधून आलेलं चित्र घ्यायचं, वाटेत मळलं असेल तर धुवून काढायचं, आणि ताजं करून पुढच्या चार केबलांमध्ये सोडायचं. पुण्यातली एक कंपनी स्टुडिओंना यंत्रं पुरवायची, तिच्यासाठी हे काम चाले. तेवढं एकच गिऱ्हाईक होतं.

याच प्रकारच्या कामात बाईंनी मुंबईच्या एका कंपनीत बरीच वर्षं काढली होती. मग एक दिवस राजीनामा देऊन वडिलांच्या घरी भोरला आल्या. लग्न केलेलं नव्हतं. नोकरी का सोडली असं कुणी विचारलं तर म्हणत, "त्यांनी मला खुर्ची मोठी दिली आणि टेबल काढून घेतलं." त्यांना टेबल हवं होतं.

गावाला त्या काय करतात हे कधीच नीट समजलं नाही. काम करताना बाई मनगटाला एक पट्टा बांधत आणि त्याची तार जमिनीतल्या अर्थिंगला जोडलेली असे. अंगावरची वीज जमिनीत जावी म्हणून. जेवणाच्या सुट्टीत तार सोडवायच्या, पण पट्टा काढायला विसरायच्या, आणि तसंच मंडईत जायच्या. बाईंनी कुठल्या तरी बुवाचा गंडा बांधलाय, अशी बोलवा गावात कायम होती. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा होता. माती ओली राहावी म्हणून बाई त्यात रोज सकाळी आंघोळ झाल्यावर तांब्याभर पाणी ओतत. शेजारच्या एका आजींनी हे बरेच दिवस पाहिलं, आणि एका शुक्रवारी खड्ड्याच्या झाकणाला हळदकुंकू लावून गेल्या. मी ते पुसायला निघालो तर बाईंनी थांबवलं. राहू दे, म्हणाल्या, मी गावाला गेले तर त्या पाणी घालतील. आणि खरोखरच आजी पाणी घालत.

वर्कशॉपच्या खाली पिठाची गिरणी होती. वडिलांनी ती जागा फार पूर्वी भाड्यानं दिलेली. गिरणीची मोटर सुरू झाली की आमच्या मोजमापात खळबळ व्हायची. दुसरं कुणी असतं तर भांडण कोर्टात गेलं असतं. बाई खाली उतरल्या, गिरणीवाल्या मामांना म्हणाल्या, दुपारी तुम्ही जेवून आडवे होता तेव्हा मोटर बंदच असते, तोच वेळ मला पक्का द्या. मामांना नवल वाटलं. त्यांच्या झोपेला आजवर कुणी इतका मान दिला नव्हता. तेव्हापासून दुपारची गिरणी बंद म्हणजे बंद. डबे घेऊन आलेल्या बायका ओट्यावर बसून राहायच्या आणि वर काय मोजतात म्हणून कुजबुजायच्या. बाईंनी एकदा सगळ्यांना चपला काढायला लावून वर बोलावलं आणि पडदा दाखवला.

त्या पडद्याबद्दल सांगायला हवं. धावणारी ती आकड्यांची धार यंत्रावर एकावर एक रचून पाहिली, की मधोमध डोळ्यासारखा आकार उमटतो. सिग्नल स्वच्छ असला तर डोळा टपोरा उघडा दिसतो. रस्त्यात कुठं धक्के बसत असले तर पापण्या जड होतात, आणि फारच बिघाड असेल तर मिटतो. आमच्या धंद्यात जगभर त्याला डोळाच म्हणतात. त्या बायकांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांतली एक पुढे वाकून म्हणाली, "डोळ्यावानी दिसतंय की." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना चहा केला. काळाच. दूध त्यांच्याकडे कधीच नसे.

त्यांच्या घरात टीव्हीही नव्हता. देशातल्या किती बातम्या, किती मालिका आमच्या पाटीवरून जात असतील, आणि बाईंनी त्यांतली एकही पाहिली नसेल.

शिकवायची त्यांची पद्धत निराळी होती. पुस्तक वाच म्हणत, पण आधी सांगत गोष्टच. चिपच्या अगदी पायाशी एक छोटा कपॅसिटर लावतात. चिपला क्षणात वीज लागते, ती त्यातून मिळते. मी पहिल्या आखणीत तो जागा होती तिथं, म्हणजे लांब, ठेवला होता. बाई म्हणाल्या, तहान लागल्यावर नदीवर पाठवणार का तिला? हंडा दाराशी पाहिजे. दोन तारा जोडीनं जात असल्या तर त्यांची लांबी सारखी हवी, नाहीतर एक बैल पुढे आणि एक मागे, जू मोडेल. आणि चिप महाग आहे, नवी आहे, म्हणून मी तिचं कौतुक करायला लागलो की म्हणत, "चिप काय, कुणीही आणेल. तिला नांदवता आलं पाहिजे."

ह्या सगळ्यात एक लाल पेन्सिल होती. मी कागदावर आखलेला प्रत्येक नकाशा बाई लाल पेन्सिलीनं तपासत. रेघ काटकोनात वळलेली दिसली की गोल करत. एखादा भाग गरज नसताना लावलेला दिसला की खोडत. पाटीवर फुकटचा एक दाणाही नको, हा त्यांचा हट्ट होता. त्यांच्या लाल रेघांना मी घाबरायचो, आणि ज्या दिवशी कागद लाल न होता परत आला त्या दिवशी घरी जाऊन अम्मीला सांगितलं होतं.

मला लागून दोन वर्षं झाली असतील. एका मोठ्या स्टुडिओसाठी नवी पाटी करायची होती. आखणी पहिल्यापासून शेवटपर्यंत मी केली, बाईंनी तपासली. पाट्या बनल्या, आमच्याकडे उत्तम चालल्या, पुण्याला गेल्या, स्टुडिओत बसल्या. आणि तिथं चित्रावर पांढरे ठिपके चमकायला लागले. मधूनच चित्र गोठायचं, पुन्हा चालू व्हायचं. जुन्या पद्धतीचं चित्र म्हातारं होत होत जातं, अंधुक होतं, मुंग्या येतात, तुम्हाला वेळ देतं. डिजिटल चित्र धडधाकट चालता चालता पडतं.

कंपनीचे साहेब गाडी घेऊन भोरला आले. माझ्यासमोरच बोलले. स्टुडिओचे लोक आमच्या डोक्यावर बसलेत, म्हणाले, आणि आम्ही चौकशी केली तेव्हा कळलं की आखणी ह्या मुलानं केली आहे. डिप्लोमावाला, हायवेवरच्या गॅरेजवाल्याचा मुलगा. असलं काम पुण्यातल्या जाणत्या माणसांकडे द्यायला हवं होतं. तुम्ही ह्याला बाजूला करा, आम्ही माणूस देतो. नाहीतर पुढचं काम आम्हाला दुसरीकडे द्यावं लागेल.

मी मान खाली घालून उभा होतो. आखणी माझीच होती. माझं चुकलं नाही असं छातीवर हात ठेवून सांगण्याइतकी अक्कल मला नव्हती, आणि चुकलं तर कुठं तेही कळत नव्हतं. शिवऱ्याला अब्बांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्यांना मी पहिल्यापासून तिथं हवा होतो. त्या क्षणी मला तिथल्या ग्रीसचा वास नाकात जाणवायला लागला.

बाईंनी साहेबांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोष सापडेपर्यंत तो माझा. सापडला की ज्याचा त्याचा."

साहेब गेले.  बाईंनी मामांना निरोप दिला की काही दिवस गिरणी सकाळीही थोडा वेळ बंद ठेवता येईल का. मामा म्हणाले, बाईंवर काही आलेलं दिसतंय, ठेवतो. आमच्याकडे तपासणीची केबल खोलीभर होती. स्टुडिओत ती मजले चढून जायची. बाईंनी पुण्याहून लांब केबल मागवली, आम्ही ती जिन्यातून, अंगणातून, गिरणीच्या पत्र्यावरून फिरवून परत वर आणली. आणि पडद्यावर पाहिलं तर डोळा अर्धा मिटलेला.

मग शोध सुरू झाला. हे बदल, ते बदल. चिप बदलली, जोडणी बदलली, वीज बदलली. डोळा तसाच पेंगुळलेला. एका दुपारी बाई नुसत्या बोटानं पाटीवर इथं तिथं स्पर्श करत होत्या. हा त्यांचा जुना नाद होता. आजारी माणसाचं पोट दाबून बघतात तसं, असं म्हणत. पाटीच्या एका कोपऱ्यावर बोट टेकलं आणि पडद्यावरचा डोळा किंचित उघडला. बोट उचललं, मिटला. पुन्हा ठेवलं, उघडला.

तो कोपरा कुणाच्याच खिजगणतीत नव्हता. केबलमध्ये सिग्नल सोडणाऱ्या चिपला दोन वाटा असतात. एकीतून चित्र जातं, दुसरी त्या पाटीवर वापरायचीच नव्हती, नुसती सोडून दिली होती. पण वाट वापरली नाही तरी सिग्नल तिकडेही धावतोच, आणि टोकाशी काही अडसर नसला तर आपटून मागे फिरतो आणि चांगल्या वाटेवर गोंधळ घालतो. त्या टोकाला एक साधा रेझिस्टर लागतो. बाईंनी तो तिथं डाग देऊन बसवला. डोळा टपोरा उघडला.

मी आनंदानं बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. पाटीकडे बोट करून म्हणाल्या, "हा तू घातला होतास. मी खोडला."

मग मलाही आठवलं. नकाशात तो होता खरा. मी काही हुशारीनं ठेवला नव्हता, चिपच्या कंपनीनं दिलेल्या नमुन्यात होता म्हणून जशाचा तसा उतरवला होता. बाईंनी लाल रेघ मारली होती, जिथून कुणी जात-येत नाही त्या दाराला राखण कशाला, असं म्हणून. मलाही ते पटलं होतं. मी बाईंना तसं सांगितलं. हे साहेबांना कळवायची गरज काय, दोष मिळाला, पाट्या दुरुस्त करून देऊ, संपलं, असंही म्हणालो. बाई उठून साडी बदलायला गेल्या. तू पण चल, म्हणाल्या.

आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. कंपनीत साहेबांच्या खोलीत आणखी तिघं-चौघं बसलेले होते, त्यांचे वरिष्ठही होते. बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी दोष काय होता ते सांगितलं, दुरुस्त पाटी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या की ह्या मुलानं बरोबर आखलं होतं, चूक माझी आहे. साहेब जरा ओशाळले. आता कुणाची का असेना, काम झालं ना, असं काहीतरी म्हणाले. बाईंनी त्यांना तिथंच थांबवलं.

"तसं नाही. तुम्ही ह्याचं नाव वर कळवलंय. आता माझंही कळवा."

 वरिष्ठांनी मला बसायला खुर्ची दिली. बाई अजूनही उभ्याच होत्या म्हणून मीही बसलो नाही.

परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या.  कापूरहोळ मागे पडल्यावर त्यांनीच विचारलं, भूक लागलीय का. एवढंच.

पुढचे काही आठवडे परत आलेल्या एकेका पाटीवर आम्ही तो रेझिस्टर हातानं बसवत होतो. कंपनीनं काम काढून घेतलं नाही, पण पुढची ऑर्डर लहान आली.  नवा नकाशा बाईंनी स्वतः आखला तेव्हा तो माझ्यापुढे ठेवला, वर लाल पेन्सिल ठेवली आणि चहा करायला निघून गेल्या. मला वाटलं पेन्सिल विसरल्या. त्या दारातून म्हणाल्या, तपास. मी दिवसभर तो कागद घेऊन बसलो आणि संध्याकाळी भीत भीत एका ठिकाणी रेघ मारली. बाईंनी ती पाहिली, वाद घातला, माझी रेघ चुकीची निघाली. पण त्या दिवसापासून त्यांचा कागद माझ्याकडे आणि माझा त्यांच्याकडे, हा नियमच झाला.

घरी मी हे सगळं सांगितलं तेव्हा अब्बांनी नुसतं ऐकून घेतलं. गॅरेजमधून उठून कौतुक करायला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण पुढच्या मंगळवारी ते भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन भोरला आले. त्यांच्या अंगातला टेरिकॉटचा शर्ट पाहून मी पुढे धावलो, पण बाईच जिन्यात खाली येऊन पायरीवर बसल्या. अब्बा दोन पायऱ्या खाली बसले. शेंगा फोडत दोघं बराच वेळ ट्रॅक्टरच्या इंजिनाबद्दल बोलले. निघताना अब्बा म्हणाले, "बाई, मानसं दुसऱ्याची चूक दाखवाया पुन्याला जात्यात. तुमी आपली घिऊन गेला. पोरगं तुमच्याकडं हाय, आता मला बोलायचं न्हाई." त्यानंतर गॅरेजचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

मला बंगळूरची नोकरी लागली ती त्यानंतर काही वर्षांनी. तिथं असल्या चिपांचीच आखणी चालायची. अर्ज बाईंनीच करायला लावला होता, पण प्रत्यक्ष बोलावणं आलं तेव्हा माझा पाय निघेना. काम वाढलं होतं, चिपा बारीक होत चालल्या होत्या, बाईंचे डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते. एवढ्यात नाही जात, असं मी त्यांना सांगून टाकलं. 

दुसऱ्या दिवशी मी आलो तर वर्कशॉपला कुलूप. बाई वेल्ह्याला बहिणीकडे गेल्यात, एवढंच मामांनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण तिथं राहायची, मेहुणे तहसील कचेरीत होते. एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस पाहिली. मग नसरापूरला गाडी बदलून वेल्ह्याला गेलो. बाजारात विचारत विचारत घर सापडलं. समोर तोरणा ढगात गेलेला, आणि बाई पडवीत उन्हाच्या तिरिपीत बसून सुपात नाचणी निवडत होत्या. नायलॉनच्या साडीत. बहिणीची असावी. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, बाई, काम पडलंय, कधी येणार? त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या की वर्कशॉप बंद केलं, आता कंटाळा आला, इथं हवा चांगली आहे. मी थोडा वेळ बसलो. बहिणीनं नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. निघताना पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "तिकडे हजर कधी व्हायचंय? इथं काही राहिलेलं नाही रे आता."

परतीच्या गाडीत मी रडलो. आठवड्याभरानं बंगळूरला गेलो. जाताना मनात कुठंतरी राग होता, की इतक्या वर्षांचं काम ह्या बाईंनी एका दिवसात कुलूप लावून मोडलं.

ईदला घरी आलो तेव्हा राहवलं नाही म्हणून भोरला गेलो. गिरणी चालू होती. मामांनी मला पाहिलं, मोटर बंद केली आणि हात झटकत बाहेर आले. मी वर बोट करून विचारलं, कुणाला भाड्यानं दिलं का?

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "भाड्यानं कशाला? तुमी बंगळूरला गेला आन दुसऱ्या दिशी सकाळी बाई हजर. कुलूप काढलं न् बसल्या कामाला. तिकडं घरी बसून लई कंटाळल्या हुत्या म्हनं. जाताना मला सांगून गेल्या हुत्या, पोरगं गाडीत बसलं की बहिनीकडं फोन करा."

मी जिन्याच्या तळाशी चपला काढल्या आणि वर गेलो. बाई भिंगातून पाटीवर वाकलेल्या होत्या, मनगटाला पट्टा, कानामागे पेन्सिल. पावलांवरून ओळखलं असावं. वर न पाहताच म्हणाल्या,

"आलास? दार लोटून घे. पीठ येतं आत."